पाण्याची घंटा

डॉक्टरीणबाईंनी आधी नेहमीचेच प्रश्न विचारले. साखर आहे? नाही. घरात कुणाला किडनीचा त्रास? नाही. तंबाखू, मिश्री? छे. मग त्यांनी विचारलं, लघवीला दिवसातून किती वेळा जाता? मी आठवून सांगितलं, सकाळी घरून निघताना आणि संध्याकाळी घरी आल्यावर.

"आणि मध्ये?"

"मध्ये शाळा असते," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला मात्र माझ्या उत्तरात काही वावगं वाटलं नव्हतं.

बावीस वर्षं मी शहरातून गंगापूरच्या पुढच्या एका खेड्यात शिकवायला जाते. आधी जीपनं जायचे, आता आम्ही चार शिक्षकांनी मिळून गाडी लावलीय. वाटेत सर लोक उसाच्या कडेला गाडी थांबवून निवांत उतरतात. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते. शाळेत मुलींचं शौचालय आहे, नाही असं नाही. रंग दिलेलं, दारावर वेणीवाल्या मुलीचं चित्र. फक्त त्याला कुलूप असतं, घाण होऊ नये म्हणून. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. वर्षा-दोन वर्षांनी तपासणीला साहेब आले की ती बाहेर निघते. माझ्यासमोर तीन मुख्याध्यापक झाले, पण "सर, किल्ली द्या" म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. सकाळी अर्धा कप चहा, दिवसभर तोंडात बडीशेप, झालं.

शरीर सांगत होतं. जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, कंबर धरायची. मेडिकलवाला सांगेल त्या गोळ्या मी खायचे. कंबरेच्या गोळ्यांचं पाकीट तर पर्समध्येच असायचं, दोन तास उभं राहिलं की एक. दुखणं अंगावर काढायचं आणि वर त्याचा मोठेपणा मिरवायचा, ही आमच्या घरातल्या बायकांची जुनी खोड. "आमची सून दिवसदिवस पाण्यावाचून राहती, लई सोशिक हाय," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. मलाही ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

"किडन्या थकल्यात तुमच्या," रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, लघवी धरून ठेवायची नाही. आत्ता जपलंत तर हे इथंच थांबवता येईल." मी मान डोलावली. थकवा इतका होता की रागही धड येईना. कुणावर यायचा तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाण्याची घंटा वाजली. ही दिवसातून तीनदा वाजते. सगळ्यांनी बाटल्या काढायच्या आणि पाणी प्यायचं. ते काम माझ्याकडंच आहे. "पाणी नाही प्यायलं तर काय होतं?" असं मी विचारते आणि सातवीचा वर्ग एका सुरात आजारांची यादी म्हणतो. मग मी त्यांच्यासमोर बाटली तोंडाला लावते, मान मागं टाकते आणि ओठ मिटलेलेच ठेवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पोरांच्या काय लक्षात येणार, असं मला वाटायचं.

त्या दिवशी बाटली माझ्या हातातच राहिली, म्हणून लक्ष वर्गाकडं गेलं. पोरं घटाघटा पीत होती, निम्मं पाणी शर्टावर सांडत होती. मुलींच्या रांगेतही बाटल्या वर गेल्या होत्या, माना मागं होत्या, पण एकीचाही घसा हलत नव्हता. मधल्या बाकावरच्या एकीनं तर बाटली खाली ठेवून ओढणीनं ओठ टिपले. कोरडे ओठ. मी रोज पदरानं टिपते, तसेच. मला रडू आलं. कुलूप त्यांच्यासाठीही तेच होतं, पण ही रीत माझी होती.

मी तशीच ऑफिसात गेले. "सर, किल्ली द्या."

"कुठली किल्ली, मॅडम?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं कपाट धुंडाळलं, शेवटी हजेरीपुस्तकांच्या मागं ती सापडली. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. आतली जाळी मी काढली, मुलींनी हातपंपावरून दोन बादल्या भरून आणल्या. किल्ली मी सरांना परत दिली नाही. वर्गाच्या दारामागं खिळ्याला लावून ठेवली. सर खिळ्याकडं एकदा बघून ऑफिसात परत गेले. बावीस वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

दुपारची घंटा वाजली. मी बाटली उघडली. पोरांनी आपापल्या तोंडाला लावल्या. मुली नुसत्याच माझ्याकडं बघत राहिल्या. शेवटी पहिल्या बाकावरची, सगळ्यात ठेंगणी, उठून हळूच म्हणाली,

"बाई, आज खरंच प्यायाचं का?"