मी तिथे आधी राहून गेले होते म्हणे

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं जेवताना वाचत आले आहे - करमणूक म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी... लोकांना निदान नवीन काहीतरी सुचावं. तेव्हा माझं हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. मीही हसले असते. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. समोरचा कुठे खोटं बोलतोय हे शोधण्याचाच मला पगार मिळतो.

जानेवारीत माझी नणंद मंजू आणि तिचे यजमान विलासराव नागपूरहून आमच्याकडे कर्वेनगरला आले होते. पुणे दर्शन झालं. म्हणजे शनिवारवाड्यासमोर फोटो आणि तुळशीबागेत दोन दिवस. मग विलासरावांना निसर्ग आठवला. "वहिनी, आता दोन दिवस कुठं तरी हिरवळीत जाऊ नं," म्हणाले. निसर्ग या प्रकाराबद्दल माझं मत असं, की माणसं तिथे जाऊन झाडाखाली स्पीकर लावतात आणि डास चावले की मालकाला फोन करतात. पण पाहुण्यांपुढे बोलता येत नाही. मंजू फोनवर एकेक जागा दाखवत होती - तंबू, दिव्यांच्या माळा, रेन डान्स. जानेवारीत रेन डान्स! शेवटी पानशेतच्या पुढचं एक साधं घर मी निवडलं, कारण त्याच्या फोटोत सेल्फीसाठी रंगवलेला झोपाळा नव्हता.

फोन एका बाईनं उचलला. लताबाई. मी खोल्या आहेत का विचारलं, तर पलीकडून आनंदानं आवाज आला, "ताई, तुम्ही व्हय? आवाजावरनंच वळखलं. मागल्या अंगणाकडची खोली ठेवते तुमच्यासाठी. गुडगा कसा हाय आता?"

मी फोन ठेवल्यावर सतीशला, म्हणजे नवऱ्याला, म्हटलं, बघ, काय धंद्याची पद्धत आहे. अनोळखी गिऱ्हाइकालाही माहेरवाशीण करून टाकतात. गुडघ्याचं म्हणाल तर पुण्यात पन्नाशीच्या पुढच्या बाईला गुडघा विचारायला ज्योतिषी लागत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. गाडीतून उतरलो तसा एक गावठी कुत्रा विलासरावांवर भुंकत आला, मला पाहून गप्प झाला आणि माझ्या पायाशी येऊन आडवा पडला. मला कुत्री आवडत नाहीत. कुत्र्यांनाही मी आवडत नाही, आमचं तसं ठरलेलं आहे. मागून लताबाई आली. चाळिशीची असेल. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "लई बरं वाटलं, ताई." मी हात सोडवून घेतले. तिचा चेहरा जरा उतरला.

मग चहा आला. चौघांपैकी तिघांच्या चहात आलं होतं. माझ्या चहात नव्हतं. आलं घातलेला चहा मला चालत नाही, पण हे मी तिला सांगितलं नव्हतं... सतीशनं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मंजूला तर पर्वणीच. "वहिनी तर इथल्या जुन्या पाहुण्या निघाल्या नं," ती म्हणाली आणि लताबाईला विचारू लागली. लताबाईनं भोळेपणानं सांगून टाकलं - दिवाळीनंतर ताई एकट्याच आल्या होत्या, एसटीनं, तीन दिवस राहिल्या.

दिवाळीनंतर तीन दिवस मी नाशिकला होते, ऑफिसच्या ट्रेनिंगला. निदान घरी तसं सांगितलेलं होतं, असं आता सतीशच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

मंजू-विलासराव धरणाच्या पाण्यावर फोटो काढायला गेल्यावर त्यानं अगदी हळू विचारलं, "तू खरंच नाशिकला होतीस ना?" इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला रागापेक्षा शरम वाटली, नसलेल्या गुन्ह्याची. मी ट्रेनिंगचे ग्रुप फोटो काढून त्याच्यापुढे धरले. मागच्या रांगेत मी उभी होते, मारून मुटकून हसणारी. त्यानं पाहिले, मान हलवली. पण आधी पाहिले, मग मान हलवली. हे मी विसरणार नाही.

आता मी लताबाईलाच धरायचं ठरवलं. ती मागच्या अंगणात पावटे सोलत बसली होती. मी खुर्ची ओढली आणि कामावर करते तशी सुरुवात केली. कपडे कुठले होते? चष्मा होता का? काय काय बोलले? तिनं न अडखळता सगळं सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी खूप हसायचे. तिच्याबरोबर भांडी विसळायचे. कुत्र्याला भाकरी भरवायचे. ऐकता ऐकता माझी खात्री पटत गेली की ही दुसरीच कुणी बाई, आणि तीही अंमळ बावळट. एवढंच राहिलं होतं की लताबाईची गफलत तिच्याच तोंडून वदवायची. त्यासाठी माझी एक जुनी युक्ती आहे - नसलेली गोष्ट असल्यासारखी विचारायची. खोटं बोलणारा काय, गफलत झालेला काय, लगेच हो म्हणतो.

मी म्हटलं, "मग माझ्या मुलाबद्दलही बोलले असेन."

आम्हाला मूल नाही.

लताबाईनं सोलणं थांबवलं. "मुलगा कुटला, ताई? तुमाला एक मुलगीच व्हती. पोटातच गेली, सातव्या महिन्यात. माझ्या लेकीचं तसंच झालं, म्हून तर तुम्ही मला सांगितलं. कावेरी नाव ठरवलं व्हतं म्हनाला. ते नाव कुनालाच म्हाईत न्हाई, नवऱ्यालाबी न्हाई, म्हनाला."

मूल गेल्याचं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मंजूनं कुठे बोलून ठेवलं असेल, असं म्हणता येईल. पण नाव... नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, डॉक्टरांना नाही. लिहूनही ठेवलेलं नाही. हॉस्पिटलच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले असताना मनातल्या मनात एकदा हाक मारून पाहिली होती, आणि तो विषय तिथेच संपवला होता.

लताबाई म्हणाली, त्या वेळी मी पुष्कळ रडले, आणि मग तिच्या लेकीला फोनवरून कितीतरी वेळ समजावत बसले. लेक तेव्हापासून जेवायला लागली. "तुमचे उपकार हायेत," ती म्हणाली. मी तिच्यासमोरची पाटी ओढून पावटे सोलायला लागले.

अंधार पडायच्या आत मी सतीशला बाहेर नेलं आणि सांगितलं, नावासकट. तो धरणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "छान आहे नाव." पुढे त्यानं नाशिकचा विषय काढला नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मंजूनं नागपुरात काय पसरवलंय ते माझ्या कानावर येतं, येऊ दे. ऑफिसमधल्या एका शहाण्यानं मला सांगितलं की माणूस स्वतःच कुठेतरी जाऊन येतो आणि विसरतो. मग नाशिकच्या फोटोत मागच्या रांगेत कोण उभं होतं, ते त्यानंच सांगावं. दुसरीनं शांती करून घ्यायला सुचवलं. कोणाची शांती करू, माझी? माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असलं तर कृपा करून पिंपळापासून सुरू करू नका.

हल्ली सतीशच म्हणतो, पुन्हा एकदा जाऊ या लताबाईंकडे. मी टाळते. त्याला वाटतं मला भीती वाटते ती त्या जागेची. तसं नाही. मी दोनदा नंबर लावला होता आणि घंटी वाजायच्या आतच बंद केला. तिनं फोन उचलून "अवो, ताई तर हितंच बसल्यात माझ्यापाशी" असं म्हटलं, तर पुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.