रुसलेला थोरला

शेजारचे दिनकरराव आज फाटकाबाहेर घुटमळताना दिसले. आमचे हे होते तोवर ते रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत, पण ह्यांनी येशूची गोष्ट काढली की म्हणत, "देव राहू द्या मास्तर, चहा सांगा." हे हसून चहा सांगत. चिडायची मी. हे गेले आणि दिनकररावांचं येणंही थांबलं.

"वहिनी, मास्तरांच्या त्या गोष्टीतला उधळ्या पोरगा घरी परतला, बापानं मेजवानी दिली, थोरला भाऊ रुसून बाहेर राहिला. पुढे तो आत गेला का? त्यांचं बोलणं मीच मध्ये तोडलं होतं."

"ते लिहिलेलंच नाही, भाऊजी. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, तिथेच गोष्ट संपते."

"म्हणजे बाप अजून अंगणातच?"

किती दिवसांनी मी मोठ्यानं हसले. भरल्या पंगतीतून उठून रुसलेल्यापाशी जाऊन उभं राहायचं, त्यात कसला कमीपणा? ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणून तर गोष्ट सोडून चहा सांगतानाही इतके आनंदात असत.

"वेडाच थोरला," दिनकरराव फाटकाबाहेरूनच म्हणाले. "वाढलेलं ताट सोडून कुणी असं उभं राहतं?"

मी चपला घातल्या आणि बाहेर त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.