पाळीखालची पाळ

सौंदडकडच्या एका लहान गावातल्या कोहळ्यांवर, म्हणजे पिढ्यानपिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळी समाजावर, अन्याय झाला, तो तान्ह्या पोळ्याच्या सकाळी. पोरं लाकडी बैल सजवत होती आणि ठेकेदार तळ्यावर बोर्ड ठोकत होता: 'सरकारी बांधणीचा तलाव.' गावाला विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

मी पुरातत्त्वाचं काम करते. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, दुरुस्त करायला तळ्याची पाळ कापलेलीच होती. मी माझ्या खात्यातल्या सरांना फोन लावला, तळं सरकारचं नाही, कोहळ्यांनी बांधलेलं आहे म्हणून.

"पुरावा काय?"

"गाव सांगतं, रेड्यांकडून माती तुडवून पाळ बांधली."

"गाव काहीही सांगतं. सेक्शन साफ कर."

सेक्शन म्हणजे मातीचा उभा काप. खालचा थर जुना, वरचा नवा. मी खुरपीनं तासत गेले. थराथरात खुरांचे ठसे. रोलरला खूर नसतात.

"मी त सांगूनच राहिलो होतो!" कोहळ्यांतले सगळ्यात म्हातारे दयारामजी पाळीवरून ओरडले. "आमच्या बुढ्यांनी बांधली, अख्खी!"

अख्खी नव्हती. खाली काळा पट्टा लागला, गवत कुजल्याचा. त्याखाली आणखी एक बुटकी पाळ. म्हणजे आधी कोणीतरी बांधलेली, त्यावर गवत माजलेलं, मग कोहळ्यांची माती.

दयारामजींचा आवाज उतरला. "बाई, हे बुजवून टाक. बोर्डवाला म्हणंल, तुमची नाहीच."

"म्हणजे त्याचं खोटं उतरवायचं आणि आपलं लावायचं?"

शेजारी गोंडटोल्याचे, म्हणजे गावाबाहेरच्या गोंडवस्तीचे, फागूबाबा उभे होते. गावदेवाची पूजा त्यांच्याकडे. ते हसले. "दयाराम, तुडूम खोलाच्या आधी पहिला कोंबडा माह्याच हातचा लागते. काऊन?"

"रीतच हाय."

"रीत कायले पडली?"

दयारामजींनी खालच्या पाळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या बापानं सांगतलं नाही कधी बे."

"सांगतलं. तुमी हासत होते."

माती जात सांगत नाही. खालची पाळ गोंडांचीच, असं मी लिहून देऊ शकत नाही. ती आधीची, एवढंच. बाकीचं कोंबडा सांगतो: पहिली पाळ ज्यांची, पहिला मान त्यांचा.

"कोंबडा रिपोर्टमध्ये घाल," सर फोनवर म्हणाले.

गावानं बोर्डासमोर दगड रोवला. त्यावर दयारामजींनी चुन्यानं लिहिलं: 'गोंडांनी सुरू केला, कोहळ्यांनी वाढवला.' गोंडांचं नाव पहिलं यावं म्हणून एकदा पुसून.

बोर्ड अजून तसाच आहे. तुमच्या तळ्यावरही असेल. जा, वाचा. मग गावात ज्यांना हसता, त्यांच्या टोल्यावर जाऊन विचारा, हे कोणी बांधलं. आणि खोटा बोर्ड उतरवा.