मंजुळाबाईच्या घरची पहिली पंगत

वालाचं कालवण खावं कुणाच्या हातचं, असं धाडच्या बाजारात कुणालाही विचारलं तर तो मंजुळाबाईचंच नाव सांगायचा. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा, साहेबलोक बुलढाण्याच्या गार हवेत बसून हुकूम सोडायचे. पण वालाच्या बाबतीत धाडात हुकूम या बाईचाच. पौषात कुंपणावरच्या शेंगा भरल्या की ती टपोरे दाणे सोलायची, मातीच्या गाडग्यात मंद जाळावर शिजवायची, काटेरी वांगी टाकायची, भाजलेले तीळ आणि काळा मसाला पाट्यावर वाटून सोडायची. वर अशी लाल तर्री यायची की खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांना धार लागे, तरी गडी भाकर चुरायचा थांबत नसे. हाताला चव आहे हो बाई तुमच्या, असं कुणी म्हटलं की ती फणकारायची, चव हातात नसते, धीरात असते; ज्याले धीर नाही त्यानं वालाच्या वाटेला जाऊ नये.

नवरा प्लेगात गेला तेव्हा पोर पाळण्यात होती. त्या दिवसापासून मळ्याची मोट, बाजार, उधळे बैल आणि त्याहून उधळे दीर, सगळ्यांना पुरून उरली ही बाई. तिनं गर्व नाही करायचा तर काय शेजारणींनी करायचा?

पण गावाला तिच्या वालाइतकाच तिच्या घरातला गोतावळाही तोंडपाठ होता. एक कान तुटलेला बंड्या कुत्रा, रंभा शेळी, सटवी नावाची मांजर आणि दिवसातून केव्हाही आरवणारा एक चक्रम कोंबडा. आणि या घरचा दंडकच होता. मसाला पडायच्या आधी गाडग्यातले पहिले दाणे परातीत काढायचे, ते मुक्या जनावरांचे. ती खाईपर्यंत कुणाच्याच ताटात काही पडायचं नाही, मग तो पाटील असो की जावई. माणसाला तोंड आहे, तो मागून घेईल. मुक्यानं कुणाला मागावं? असा तिचा हिशेब. पाटलानं एकदा तासभर वाट पाहिली होती, आणि बाईनं ती गोष्ट गावभर सांगितली होती.

आता झालं असं की लेक सत्यभामा लग्नाला आली. पोर कामाला वाघीण, तोंडानं मात्र कमी. दोन सोयरिकी आल्या आणि दोन्ही फिसकटल्या. पहिल्या पाहुण्याचं उपरणं रंभेनं टोकापासून अर्ध्यापर्यंत खाल्लं. दुसऱ्यानं खुंटीवरचा फेटा उतरवला तर आत सटवी आपली पिल्लं घेऊन निजलेली. त्या भागात रीत अशी की पोर पसंत असली तर पाहुणे जेवतात. नसली तर त्यांना अचानक एकादशी आठवते आणि घोटभर पाणी पिऊन मंडळी गाडी जुंपतात. दोन्ही वेळा एकादशीच निघाली. गावात बोलवा झाली की त्या घरात माणसापेक्षा जनावरांना मान, तिथली पोर कोण करणार?

तिसरी सोयरीक बीबी गावाकडची. घर भरलेलं, पोरगा गुणी. मंजुळाबाईचा भाऊ किसनराव आदल्या दिवशीच येऊन बसला आणि त्यानं बहिणीचे पाय धरायचेच बाकी ठेवले. एक दिवस, फक्त एक दिवस ती जनावरं मागच्या गोठ्यात कोंड, पंगत आधी माणसांची होऊ दे. ही सोयरीक गेली तर पोर घरातच राहील, मग तुझा दंडक काय चाटायचा आहे? बाईनं पोरीकडे पाहिलं आणि हो म्हणाली. उभ्या जन्मात ती कुणाला अशी हो म्हणाली नव्हती. सकाळी तिनंच बंड्याला गोठ्यात नेलं, कडी घातली, आणि त्याच्याकडे न बघता परत आली.

दोन दिवसांची वाट तुडवून पाहुण्यांची बैलांची दमणी आली. पोराचे वडील वामनराव शांत गृहस्थ, आणि त्यांचे थोरले साडू हिंमतराव, ज्यांना सोयरिकीत दोष काढायचा पिढीजात हक्क असल्यासारखं वाटे. बैल कडुनिंबाखाली बांधले. पोर पाहून झाली, नावगाव विचारून झालं, वामनराव मान डोलावून पाटावर बसले. ओसरीवर पत्रावळी पडल्या. किसनरावाचा जीव भांड्यात पडला.

मंजुळाबाईनं वाढायला पळी उचलली, तोच आतून सत्यभामा आली. एका हातात बिनमसाल्याच्या दाण्यांची परात, दुसऱ्या हातात सरकीची टोपली. खाली मान घालून ती पाहुण्यांच्या पंगतीसमोरून सरळ अंगणात गेली. टोपली तिनं कडुनिंबाखाली पाहुण्यांच्या बैलांपुढे ठेवली, त्यांच्या मानेवरून हात फिरवला, मग मागे जाऊन गोठ्याची कडी काढली. पुढचं सांगायला नकोच. बंड्या, रंभा, सटवी आणि तो कोंबडा, सगळी वरात परातीभोवती जमली.

हिंमतराव ताडकन उठले. आम्हाले पाटावर बसवून कुत्र्याले वाढता, ही काय रीत झाली, असं म्हणून त्यांनी एका पायात जोडा सरकवला. किसनरावानं बहिणीला डोळ्यांनी खुणावलं, की पोरीला दोन शब्द बोल, चुकली म्हण, अजून वेळ गेली नाही. मंजुळाबाईनं पळी खाली ठेवली.

"पोरगी नाही चुकली," ती म्हणाली. "आज चुकली असन तं मी चुकली. या घरात मुक्याले आधीच वाढतेत. ज्याले पटत नसन त्यानं खुशाल जावं."

झालं! किसनरावानं कपाळाला हात लावला. वामनराव उठले आणि बैल जुंपायला कडुनिंबाकडे गेले. बैल टोपलीत नाकापर्यंत बुडाले होते. आणि खात्या जनावराच्या दाव्याला हात लावायचा नाही, हे तर त्या मुलखात रांगतं पोरही जाणतं. वामनराव उभे राहिले. बैल खात राहिले. थकलेली जनावरं ती, सावकाश खात होती. इकडे गाडग्याचं झाकण उघडंच, तर्रीचा वास अंगणभर, आणि ओसरीच्या पायरीवर एका जोड्यानिशी उभ्या हिंमतरावांचं पोट असं गुरगुरलं की बंड्यानं मान वर करून पाहिलं. कुणी हसलं नाही, पण किसनरावाला खोकला आला.

टोपली रिकामी झाली. वामनरावांनी बैलांची तोंडं उपरण्यानं पुसली, पण जू काही उचललं नाही. ते रांजणाकडे गेले, हातपाय धुतले आणि परत येऊन आपल्या पाटावर बसले.

"दोन दिवस चालून आले बिचारे," ते साडूला म्हणाले. "मले त्यायची आठवण नाही झाली, या पोरीले झाली. आमच्या घरचे दोघं जेवले, भाऊ. आता मी कोणत्या तोंडानं उपाशी उठू? वाढा, बाई."

हिंमतराव थोडं पुटपुटले, मग पायातला तो एक जोडा काढून बसले. तीनदा कालवण मागून घेतलं त्यांनी, आणि चौथ्यांदा लाजेखातर नुसती तर्री. सुपारी फुटली, कुंकू लागलं, लग्नाला माघातली तिथी धरली गेली. धाडच्या वेशीपर्यंत किसनराव दमणीमागे चालत गेला.

घरी मायलेकी चुलीपाशी जेवायला बसल्या तेव्हा गाडग्याच्या तळाला जेमतेम दोन पळ्या उरल्या होत्या. मंजुळाबाईनं त्या दोन्ही पोरीच्या ताटात घातल्या. सत्यभामा नको नको म्हणत होती, तिनं ऐकलं नाही. पदरानं डोळे पुसले, आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी भ्याली व माय. तू नाही भ्याली."