वाद्यवृंदाच्या मदतीची संध्याकाळ

आमच्या हिंगोलीच्या वाद्यवृंदाला नवी वाद्यं घ्यायची होती, म्हणून मंगल कार्यालयात मदतीचा कार्यक्रम ठेवला. मी व्हायोलिन वाजवते. निमंत्रणंही मीच वाटली होती. देणगीदारांचे सत्कारच दीड तास चालले. मग आमच्यातले सगळ्यांत वयस्कर चाचा क्लॅरिनेटवर मारवा वाजवू लागले. आलाप रंगात आला होता, तेवढ्यात प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेतून म्हणाले, "हे रडगाणं काहून लावलं? लग्नातलं काही वाजवा." लोक हसले. चाचा थांबले. लगेच जेवण तयार असल्याचं कुणीतरी सांगितलं आणि सगळे ताटांकडे धावले.

चाचांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. "बाई, मी घरी जाऊन राहिलो," ते म्हणाले. "ह्यांच्यापुढं वाजवणं माझ्यानं होणार न्हाई."

मी त्यांना थांबवलं नाही. उलट पाहुण्यांकडे जाऊन आभार मानले. त्यांनी पनीरनं माखलेला हात माझ्या खांद्यावर ठेवून फोटो काढून घेतला, आणि मी हसले.

फोटो पेपरात आला, वाद्यंही आली. चाचा तालमीला पुन्हा आले नाहीत. त्यांच्या घरी जायचं मनात आलं की माझीच मला शिसारी येते.