इराला मळ्यात नेऊन आणणेबाबत

विषय : चि. इरा, वय वर्षे सव्वादोन, हिला तिच्या आजीच्या माहेरी, कुंडलजवळच्या मळ्यात, नेऊन आणणेबाबत.
संदर्भ : नातेवाइकांची वारंवार तोंडी विचारणा.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर काम पार पडले.

आता सरळ बोलतो. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केल्यामुळे पहिली ओळ अशीच उतरते, मग हात सैल होतो.

कचेरीत होतो तेव्हा किस्से साठत नसत. सकाळी काही घडलं की दुपारच्या चहाला ते संपवून टाकायचं. कुणीतरी त्यात भर घालायचा, कुणीतरी तोच किस्सा स्वतःच्या नावावर खपवायचा. उरलंसुरलं घरी. ही पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि मी शेवटाला येण्याआधी शेवट सांगून मोकळी व्हायची. मला राग यायचा. आता साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये किस्से येतात, पण जात नाहीत. तुम्ही बसलाच आहात, तर थोडे मोकळे करतो.

*

माझा मुलगा अमित बेंगळुरूला असतो. तो, सून श्रुती आणि नात इरा. ही गेली आणि वर्षभरात इरा झाली. बारशाला मी जाऊन आलो, तेव्हा उत्सवमूर्ती झोपेत होती. तेव्हापासून आमची भेट दर रविवारी, फोनच्या पडद्यावर. ती जेवत असते आणि मी समोर दिसत असतो. दोन्ही कामं एकदम उरकतात.

गाडी साताऱ्याला आली तेव्हा मी गेटवर उभा होतो. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. श्रुतीने इराला खाली ठेवलं. "बघ, कोण आहे? आजोबा!"

इराने वर पाहिलं. चेहरा ओळखीचा निघाला. मग तिची नजर हळूहळू खाली उतरली, शर्टावरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून चपलांवर, आणि ती किंचाळली,

"मम्मा! आजोबाला पाय!"

मी गळ्याखालीही आहे, ही बातमी तिने रात्री जेवताना सगळ्यांना पुन्हा एकदा दिली.

*

दुसऱ्या दिवशी मळ्याकडे निघालो. एवढ्याशा माणसाचं सामान पाहून मला आमच्या साहेबांची बदली आठवली. त्यांचंही इतकं नव्हतं. मला मागची, इराच्या खुर्चीशेजारची जागा मिळाली. ज्येष्ठतेमुळे नव्हे, श्रुतीला मागे बसलं की मळमळतं म्हणून. कारण काही का असेना, पोस्टिंग मनासारखं मिळालं!

सातारा सुटायच्या आत इरा झोपली.

उंब्रजला चहासाठी थांबलो. "तुम्ही जा दोघं, मी बसतो हिच्याजवळ," मी म्हणालो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर बाजूने कुरकुरत गेला, तरी ती जागी झाली नाही. मग मी तिला सांगायला लागलो. म्हटलं, इथंच तुझी आजी एकदा भेळ आणायला एसटीतून उतरली आणि एसटी सुटली. मी वर, ती भेळेसकट खाली! मी ओरडतोय, कंडक्टर मलाच झापतोय की बायको नीट सांभाळता येत नाही का म्हणून. आणि ती मागच्या गाडीने कराडला आली तेव्हा भेळ संपलेली...

श्रुतीने दार उघडलं. "बाबा, कुणाशी बोलत होतात?"

"फोन होता," मी म्हणालो.

"तुमचा फोन पुढे चार्जिंगला लावलाय, बाबा."

मी ट्रॅक्टर गेला त्या बाजूला बघत राहिलो. ती भली आहे. तिने एसी थोडा कमी केला फक्त.

*

मळ्यात संपतराव असतात, हिचे धाकटे भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता ऊस आणि गोठा. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. दोघंही दारात उभे होते. वहिनींच्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लहान मूल पहिल्यांदा दारात आलं की त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे वाटेतली नजरबिजर बाहेरच राहते.

वहिनींनी ओवाळला आणि लांब भिरकावला. इरा अमितच्या हातातून सुटली, धावत गेली, तुकडा उचलून आणला आणि वहिनींच्या हातात ठेवला. "नो थ्रो!" पाळणाघरात तिला शिकवलंय, अन्न फेकायचं नाही.

"आगं बाय माजे, टाकू दे की मला! दृष्ट काढतीया तुजी!"

वहिनींनी पुन्हा टाकला. पुन्हा परत. तिसऱ्यांदा इराला ते आवडायला लागलं आणि ती आधीच पळायच्या तयारीत उभी राहिली. तेवढ्यात मळ्यातलं कुत्रं आलं, एका कानाचं, पाठीवरचे केस गेलेलं. त्याने तुकडा हवेतच झेलला.

वहिनी हबकल्या. "आता वो?"

"आता काय, लागली तर त्याला लागंल," संपतराव म्हणाले. "तसंबी ते लय देखणं हाय!"

*

मळ्यात इरा सगळ्यांकडे गेली. संपतरावांच्या मिशा ओढल्या, वहिनींच्या मांडीवर बसून दूधभात खाल्ला, शेजारच्या मळ्यातून मोटर चालू करायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर बसून उसात फिरून आली. माझ्याकडे मात्र नाही. मी हात पुढे केले की ती थांबायची, हात हलवायची आणि म्हणायची, "बाय!"

पहिल्यांदा सगळे हसले. सकाळी उठल्यावर, बाय. मी अंगणात आलो, बाय. जेवायला शेजारी बसलो, बाय.

"आवं दाजी," संपतराव म्हणाले, "तुमी बूड टेकायच्या आत पोरगी वाटंला लावतीया की तुमाला!"

कारण श्रुतीच्या लक्षात आलं. रविवारचा फोन संपताना ती दर वेळी सांगायची, "आजोबांना बाय कर." आजोबा दिसले की काय करायचं असतं, हे इराला पक्कं ठाऊक होतं. शिस्तीची पोर आहे.

*

आता जरा अवघड किस्सा.

निघताना श्रुतीने तिला सांगितलं होतं, आपण आजीच्या घरी चाललोय. आम्ही सगळे त्या मळ्याला तेच म्हणतो, अजूनही. पण इराचा हिशेब सरळ होता. आजीचं घर आहे, तर घरात आजी असणार.

दुसऱ्या दिवशी तिने शोध सुरू केला. माजघर पाहिलं. दाराच्या मागे पाहिलं. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या पलीकडे वाकून पाहिलं. मग मध्ये उभं राहून आम्हा सगळ्यांना विचारलं, "आजी कुठाय?"

वहिनींनी संपतरावांकडे पाहिलं. संपतराव म्हणाले, "ती व्हय... ती..." आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. 

आमचा नाद सोडून ती बाहेर गेली. गोठ्यात एक कालवड बांधलेली होती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिने मान लांब केली आणि इराचा हात मनगटापासून खांद्यापर्यंत सावकाश चाटून काढला. इरा हलली नाही. मग आमच्याकडे वळून, सापडल्याच्या आनंदात ओरडली,

"आजी!"

अमित तिला सांगायला पुढे झाला. वहिनींनी त्याचा दंड धरला. "ऱ्हाऊ दे रं. कुनालातरी म्हनू दे."

संपतराव तोंड धुवायला नळाकडे गेले. त्यांची आंघोळ नुकतीच झाली होती.

*

त्या घरात एक रीत आहे. लेकीच्या वंशातलं मूल पहिल्यांदा आलं की गोठ्यातलं एक वासरू त्याच्या नावावर करायचं. वासराच्या कपाळाला त्या मुलाचा कुंकवाचा हात लावायचा आणि म्हणायचं, "आजपासनं हे तुजं." म्हणायचं फक्त! वासरू तिथंच राहतं, वैरण त्यांची, दूधही त्यांचं. अमितच्या नावाचा एक खोंड होता. तो विकला गेल्याचं अमितला दहावी झाल्यावर समजलं. कुणाला काही वाटत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

इराला कुणी सांगितलं नव्हतं.

संपतरावांनी तिचा तळहात कुंकवात बुडवून त्याच कालवडीच्या कपाळाला टेकवला. "आजपासनं ही तुजी!" इराने मान हलवली. व्यवहार संपला.

निघायच्या दिवशी ती दावं धरून उभी. "माजी! आजी गाडीत."

अमितने डिकी उघडून दाखवली, जागा नाही बघ. तिने विचार केला. मग स्वतःची पिशवी ओढून काढली, खाली ठेवली. तिची छत्री काढली. ताट-वाटीचा डबा काढला. आणि कालवडीला म्हणाली, "ये."

"मामा, आता तुम्हीच समजवा तिला," श्रुती म्हणाली.

"मी काय समजवू?" संपतराव म्हणाले. "मी दिलीया. फौजी मानूस दिल्यालं परत मागत न्हाई!"

शेवटी रडून रडून ती झोपली, तेव्हा उचलून गाडीत ठेवली. मला साताऱ्याला सोडलं तरी झोपेतच होती. त्या दिवशी मला 'बाय'ही मिळालं नाही.

*

पुढच्या रविवारी फोन लावला. इराने माझ्या चेहऱ्याच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आजी कुठाय?"

"आजी मळ्यात, बाळा. मी आहे ना."

"बाय."

तेव्हापासून रविवारचा फोन संपतरावांकडे जायला लागला. वहिनी गोठ्यात फोन धरून उभ्या राहतात आणि नात कालवडीशी बोलते. नातीला सर्दी झाली, नातीला नवे बूट आणले, नात आता 'त्रिकोण' म्हणते, हे सगळं मला मेव्हण्याकडून कळायला लागलं. कचेरीत 'योग्य मार्गाने' म्हणतात ते हेच.

मग मीच शनिवारची एसटी पकडून मळ्यात जायला लागलो. वहिनींना म्हटलं, तुम्हाला कामं असतात, फोन मी धरतो. फोन असा धरायचा की मध्ये कालवड आणि कडेला माझा अर्धा चेहरा. आणि पहिल्याच रविवारी इरा माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, आजीला गवत दे."

दिलं.

"आजोबा, पानी दे."

दिलं. आजोबा, तिला चष्मा घाल. घातला! कालवडीने तो चाटून साफ करून दिला. इरा इतकी हसली की पलीकडे अमित धावत आला. बॅटरी संपेपर्यंत बोलत होती.

"दाजी," संपतराव म्हणाले, "नवी सासुरवाडी हुती तवा बी एवढं आला न्हाईसा!"

"आवं येऊ द्या की," वहिनी म्हणाल्या. "जात्याल कुनाकडं ते तरी?" मग त्यांनी माझ्या भरलेल्या कपात आणखी चहा ओतला.

*

आणि हा शेवटचा.

पावसाळा संपता संपता माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला. डॉक्टरांनी एसटी बंद केली. संपतरावांना फोनवर सांगितलं, तर ते हसत म्हणाले, "मग घिऊन जावा तिकडंच! पोरीच्या नावची हाय, सांबाळाय तुमी हायसाच."

ते चेष्टेत म्हणाले, हे मला कळतं.

सोमवारी मी अर्ज घेऊन आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. तरुण मुलगा आहे, मला काका म्हणतो. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"काका, कालवड म्हणजे... गाय?"

"पुढे होईल."

"पार्किंगमध्ये?"

"जागा माझ्या नावावर आहे. गाडी नाही. नियमावलीत कुत्र्यांबद्दल आहे, मांजरांबद्दल आहे, कालवडीबद्दल काही नाही. मी वाचलीय."

"पण काका, शेण?"

"कुंड्यांना लागतं. तुमच्या मिसेस ऑनलाइन मागवतात."

तो डोकं खाजवायला लागला. बराच वेळ शोधून त्याने पाळीव प्राण्यांच्या नोंदणीचा छापील नमुना काढला, म्हणाला, हा तरी भरून द्या, म्हणजे कमिटीपुढे ठेवतो. मी तिथंच बसून भरला. जात, रंग, वय, लसीकरण. त्याने तो हातात घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, इथे प्राण्याचं नाव लिहायचंय."

"लिहिलंय."

त्याने ते पुन्हा वाचलं, 'आजी'. माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला आणि पोच दिली.

कमिटीची सभा गणपूर्तीअभावी दोनदा तहकूब झाली. अर्ज प्रलंबित आहे.