शेजारधर्म आणि आमच्या पोफळी

कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय संबंध शिकवते. भू-अर्थकारण म्हणजे सैन्य न पाठवता, व्यापाराच्या जोरावर दुसऱ्या देशाला आपल्या बाजूला ठेवणं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. वास्तववादी म्हणतात, व्यापार हे हत्यार आहे. उदारमतवादी म्हणतात, व्यापाराने मैत्री टिकते. दोघेही देशाबद्दल असं बोलतात, जणू तो एकच माणूस आहे, एकाच तोंडाने खाणारा. याचा संताप मला गेल्या वर्षी आला आणि तो अजून उतरलेला नाही.

नागावच्या एका रिसॉर्टवर परिसंवाद होता. मुख्य वक्ते मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरले, वाटेत शहाळं प्यायले आणि खुशीत बोलायला उभे राहिले. शेजारच्या छोट्या देशांना आपल्याकडे वळवायचं तर त्यांचा माल घेतला पाहिजे, म्हणाले. उदाहरण दिलं सुपारीचं. सवलतीत येऊ द्यावी, आपलं काय जातंय? "थोडं स्थानिक समायोजन होईल, इतकंच."

समायोजन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे समायोजन दिवेआगरला राहतं आणि ते माझा थोरला भाऊ आहे. २०२०च्या वादळाने त्याची सुपारीची वाडी आडवी केली. त्याने आणि वहिनीने पोफळीची रोपं पुन्हा लावली, केळीच्या सावलीत जपली, एक सुपारी हाती न येता पाणी घालत राहिले. आत्ता कुठे घोस धरायला लागले, तर व्यापारी म्हणतो, बाहेरचा माल स्वस्त पडतो.

मी उठून विचारलं, "मैत्री देशाची, मग आहेर एकट्या वाडीवाल्याने का करायचा?"

वक्ते हसले. "मॅडम, भावनिक होऊ नका. आपण सिद्धांतावर बोलतोय."

सभागृहही हसलं. चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने माझा मुद्दा बरोबर असल्याचं कानात सांगितलं. सगळ्यांसमोर मात्र त्याची दातखीळ बसली होती.

शनिवारी तणतणतच दिवेआगरला गेले. दादाला सांगणार होते, थोडी कळ काढ. अंगणात झाडं तोडणारी माणसं चहा पीत बसली होती. पोफळी काढून पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं ठरलं होतं.

"अगो, आणखी किती कळ काढू?" दादा म्हणाला. वहिनी वाडीकडे पाठ करून बसली होती.

विहिरीजवळच्या चार पोफळी तेवढ्या राखायच्या होत्या. आमच्याकडे पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडतात, ती कायम घरच्या वाडीतली. "देवापुरत्या असू देत," तो म्हणाला.

"त्या तरी कशाला?" मी ओरडले. "देवालाही बाहेरचीच मांड. त्यालाही कळू दे, देशहित कशाशी खातात ते!"

दादाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्या माणसांना म्हणाला, "विहिरीजवळच्याही घ्या."